लो पहिल्यातली मिरवणूक

माझ्या चुलत काकावर मी आयुष्यभर राग धरला आणि तो गेल्यावरही सोडला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तो जिवंत असताना मी त्याच्याशी जे केलं तेसुद्धा सांगणार आहे, आणि ते सांगताना माझ्या आवाजात पश्चात्ताप शोधायला कुणी बसू नये. आजही ती दुपार आठवली की माझी छाती एक बोट रुंद होते.

आमचं गाव कारंज्याकडून धनजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, नाल्यापलीकडे. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्याचे. गावात आमच्या भावकीची दोन घरं मोठी. एक आमचं आणि एक काकाचं. माझे आजोबा आणि त्याचे वडील सख्खे भाऊ होते आणि त्या दोघांपासून पोळ्याचा मान या दोन घरांकडे चालत आलेला. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानांचं तोरण लागलं की त्याखाली उजव्या हाताला आमची जोडी आणि डाव्या हाताला काकाची, मग मागे सगळ्या गावाचे बैल. या दोन जोड्या पुढे निघाल्याशिवाय पोळा फुटत नसे. माझे वडील त्या दिवशी कोरं धोतर नेसून, फेटा बांधून उजव्या जागेवर उभे राहायचे. एरवी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात, चार लोकांत बसले तरी कोपऱ्यात बसणार. वर्षातून तेवढा एक दिवस ते पुढे उभे असत.

ट्रॅक्टर घ्यायचा हट्ट माझा. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्याकडे काळी, खोल जमीन. उन्हाळ्यात नांगराला जुंपलेले बैल दुपारपर्यंत तोंडाला फेस आणायचे. वडिलांनी बरेच दिवस कानावर घेतलं नाही, मग एका उन्हाळ्यात उजव्या बैलाला नांगरताना गुडघ्यावर बसलेलं पाहिलं आणि त्यांनी मान हलवली. नाव नोंदवून बरीच वाट पाहिल्यावर अकोल्याहून बोलावणं आलं.

एजंटाच्या आवारात दोन ट्रॅक्टर उभे होते. ताकद दोघांची सारखीच, मधली. ना फार मोठे, ना खेळण्यातले. फरक पोटात होता. एकाचे गिअर लांब पल्ल्याचे, सडकेवर सुसाट. दुसऱ्याला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. तो खाली ओढला की सगळे गिअर हळू व्हायचे आणि जोर वाढायचा. त्याला म्हणायचं 'लो'. शिवाय त्याला डबल क्लच होता. क्लच अर्धा दाबला तर चाकं थांबणार, पण मळणीयंत्र फिरवणारा मागचा दांडा चालूच राहणार. पूर्ण दाबला तर सगळंच थांबणार. एजंट मला पहिला गळ्यात मारत होता. "साहेब, सडकेवर एस्टी मागे टाकेल." मी म्हटलं, एस्टी मागे टाकून मला काय कंडक्टर व्हायचंय? मला नांगर ओढायचा आहे. मी दुसरा घेतला. निघताना वडिलांनी एकच प्रश्न विचारला.

"हा मागं येते काय?"

एजंटाने रिव्हर्स टाकून दाखवला. वडिलांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "बैल असा येत नाही."

जोडी विकायची वेळ आली तेव्हा काका आपणहून दारात आला. त्याची मुलगी धनजला दिलेली, तिच्या सासऱ्याला, म्हणजे त्याच्या व्याह्याला, जोडी हवी होती. "बाजारात कायले उभे करता? घरची जनावरं घरात राह्यतीन," तो म्हणाला. वडिलांना ते पटलं. कुणा अनोळख्याच्या हाती कासरा द्यायची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. काका स्वतः जोडी घेऊन गेला. डाव्या बैलाच्या कानाचं टोक लहानपणी कुत्र्यानं तोडलं होतं. गल्लीच्या वळणावर तो बैल थांबला, मागे वळला, आणि काकाने त्याच्या पाठीत पराणी टोचली. वडील आत निघून गेले.

मग पोळा आला.

बैल नाहीत म्हणून घर सुनं वाटू नये, असं मला वाटलं. मी ट्रॅक्टर धुतला, बॉनेटवर गेरूचे ठिपके दिले, बैलांच्या राहिलेल्या झुलींतली एक त्यावर टाकली, समोर बेगड लावली आणि आखरावर घेऊन निघालो. वडील कोऱ्या धोतरात शेजारून चालत होते. मशीन असलं तरी कष्ट त्याचे होते, धान्य त्याने काढलं होतं, असं माझं सरळ गणित. तोरणाखाली उजव्या जागेवर मी ट्रॅक्टर उभा केला. काका आपल्या जोडीसह डावीकडे होता. त्याने हात वर केला आणि वाजंत्री थांबवली.

"हे काय आणलं बाप्पा? याले शेपूट हाय काय? कोणती बाई ओवाळन याले?"

लोक हसले. वडीलही थोडे हसले, त्यांना वाटलं थट्टा चालली आहे.

"हसून नका राहू," काका त्यांच्याकडे पाहून म्हणाला. "ज्याच्या दावणीले सोताचे बैल नाही, त्याले तोरणाखाली जागा नाही. नियम म्हंजे नियम. घ्या मागं."

ज्या माणसाने आमचे बैल स्वतः हाकत नेले होते, तो हे बोलत होता. गावातलं एकही माणूस मध्ये पडलं नाही. वडिलांनी मला मान हलवून खूण केली. मागे सगळ्या बैलांची दाटी, वळवायला जागा नव्हती. लोकांनी बैल ओढून चिंचोळी वाट केली आणि मी रिव्हर्स टाकला. तो गिअर कुत्र्यासारखा कण्हतो, आणि तेवढ्या शांततेत तो आवाज सगळ्या आखरावर पसरला. ट्रॅक्टर मागे मागे येत होता आणि वडील त्याच्या चाकाशेजारून, लोकांकडे तोंड करून, मागे मागे चालत होते. मागं येते काय, हे त्यांनी अकोल्यात विचारून ठेवलंच होतं. आम्ही गर्दीबाहेर पडायच्या आत काकाने आपल्या गोठ्यातली दुसरी जोडी आमच्या जागेवर आणून उभी केली.

त्यानंतर वडील पोळ्याला गेले नाहीत. वाजंत्री सुरू झाली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई आदल्या दिवशी रिकाम्या दावणीच्या खुंट्यांना हळदकुंकू लावायची आणि दिवा ठेवायची. हे दोन्ही पाहून मी मनात ठरवलं. वडील उजव्या जागेवर पुन्हा उभे राहतील, आणि त्यांना तिथे काका स्वतःच्या तोंडाने बोलावेल. याहून कमी मला काही नको होतं. कुणी समजूत घालायला आलं की मी त्याला चहा पाजून वाटेला लावायचो.

दोन-तीन वर्षं गेली आणि काकाने ट्रॅक्टर घेतला. मला विचारायला येणं त्याच्या नाकाला परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने एजंटाचं ऐकलं आणि तो सुसाटवाला आणला. सिंगल क्लच, लांब गिअर, आखूड दांडा नाही. पहिल्याच आठवड्यात शेलूबाजारच्या सडकेवर आपण जीप मागे टाकली, असं तो पारावर सांगू लागला. माझ्या ट्रॅक्टरला त्याने नाव ठेवलं, कासव. मी समोरून जात असलो की मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "कावून रे, कासव कालचा निघाला काय?"

पण जन्मभर बैल हाकलेल्या माणसाचे हात ते. ट्रॅक्टर थांबवायचा असला की तो स्टेअरिंग दोन्ही हातांनी कासऱ्यासारखं छातीकडे ओढायचा आणि ओरडायचा, "हो! हो! हो!" ब्रेकची आठवण त्याला सगळ्यात शेवटी व्हायची. त्यापायी त्याने स्वतःच्या गोठ्याची भिंत पाडली होती. आपल्याकडचे बरेच म्हातारे सुरुवातीला असं करायचे, कुणी त्याला हसत नसे. मी हसायचो. घरी येऊन आईसमोर नक्कल करायचो. वडील मात्र ऐकल्यासारखं दाखवत नसत.

शेतात त्याची गत आणखी वाईट झाली. उन्हाळ्यातली काळी जमीन नांगरायची तर हळू, दमाने ओढणारा गिअर लागतो. त्याचा सगळ्यात हळू गिअरही आमच्या जमिनीला घाईचा. नांगर खोल घातला की इंजिन गुदमरून बंद पडायचं, जोर दिला की चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करायची. शेवटी तो वरवर ओरखडे काढून घरी जायचा. त्याच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आमचं शेत. तिथे मी लो पहिल्यात, म्हणजे आखूड दांडा खाली आणि गिअर पहिला, असा नांगर घालून दिवसभर एका चालीने चालवायचो. ज्या दिवशी तो शेतावर असेल त्या दिवशी मी मुद्दाम धुऱ्यालगतचे तास घ्यायचो. हळूहळू गावचे लोक नांगरटीला माझ्याकडे येऊ लागले. एवढ्यावर दुसऱ्या कुणाची आग थंड झाली असती. माझी झाली नाही, कारण दर पोळ्याला वाजंत्री लागली की वडील भिंतीकडे वळत होते.

ट्रॅक्टर आल्यावर काकाने बैलांकडे पाहणं सोडलं. एक जोडी लगेच विकली. दुसरी ठेवली होती ती केवळ मानासाठी. एका उन्हाळ्यात त्यातला एक बैल आजारी पडून मेला आणि एकट्या उरलेल्याला त्याने गुपचूप मानोऱ्याकडच्या एका माणसाला देऊन टाकलं. पोळ्याआधी नवी जोडी घेऊ, असा त्याचा विचार असावा. गावात तो सांगत होता, "बैल वावरातल्या गोठ्यात हायत." त्याचा तो गोठा लांब नाल्याकाठी, तिकडे कोण कशाला जाऊन बघतो. श्रावण संपत आला तरी नवी जोडी आली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्या दिवसापासून पोळा होईपर्यंत बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कितीही अडलं, घर पेटलं तरी नाही. हे मी सांगतो आहे ते नीट लक्षात ठेवा, कारण काकाची मान त्यातच अडकली.

दुपारी मी अंगणात ट्रॅक्टरला ग्रीस देत होतो. फाटकातून काका आत आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, टोपी हातात, एका पायात चप्पल. त्या पोळ्यानंतर त्याने आमच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. त्याने आधी घराच्या दाराकडे पाहिलं, वडील आहेत का म्हणून, आणि मग आवाज खाली आणला.

"ट्रॅक्टर फसला बाप्पा. नाल्यात. ट्रॉलीसकट."

"मंग बैल जुंपा की चार-सहा," मी म्हटलं. "गावात बैलांचा काय तोटा हाय?"

"आज कोण जुंपते? येडा झाला काय तू?"

त्याने तीन घरी बैल मागितले असणार आणि तिन्ही घरांनी त्याला आजचा दिवस कोणता ते सांगितलं असणार. गावात दुसरा ट्रॅक्टर एकच होता आणि तो कासव होता.

"ट्रॉलीत काय हाय?" मी विचारलं.

"चल त खरं," तो म्हणाला.

साखळी घेऊन मी गेलो. तो सडकेने न येता शेताशेतांतून, आडवाटेने आला होता. नाल्याच्या उतारावर न्यूट्रल केला असणार, ट्रॉलीने मागून रेटलं असणार, आणि खाली गाळात पोचल्यावर त्याने स्टेअरिंग ओढून 'हो हो' केलं असणार. पुढचा चढ चढायला त्याच्याकडे हळू गिअर नव्हता. चाकांनी आपली कबर आपणच खणली होती. ट्रॉली एका अंगाला कलली होती आणि तिच्यात, गवताच्या चार पेंढ्यांवर, पाय फाकवून तोल सांभाळत दोन बैल उभे होते. त्यांना तिथे उतरवायलाही जागा नव्हती. उडी मारली असती तर पायच मोडले असते.

डाव्या बैलाच्या कानाला टोक नव्हतं.

मी हातातली साखळी खाली टाकली. हातात ठेवली असती तर त्याच्या डोक्यात घातली असती. तो आमचे बैल आमच्याच जागेवर उभे करायला घेऊन चालला होता, आपले म्हणून. रात्रीतून रंग-बेगड लावली, मोठी झूल कानांपर्यंत ओढली, की कोण ओळखतो.

"व्याह्याकडं दुसरी जोडी नव्हती," तो म्हणाला. "मी तरी काय करू?"

"सोताचे बैल पायजेत ना दावणीले? नियम म्हंजे नियम."

त्याने धोतराचा चिखल झटकला. मी माझी अट सांगितली. उद्या सगळ्या गावासमोर माझ्या बापाला उजव्या जागेवर बोलवायचं, स्वतःच्या तोंडाने, आणि या जोडीसह. तो आधी चिडला, मग आभाळाकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे. बैलाने पाय सरकवला आणि ट्रॉली आणखी थोडी कलली.

"बलावतो," तो म्हणाला. "पण आता मले इथून मागच्या मागं वावरातल्या गोठ्यावर सोड. गावातून नको नेऊ. तुले हात जोडतो."

मी "बरं" म्हटलं. खरंच म्हटलं. तो शब्द मी पाळणार नाही हे मला म्हणतानाच माहीत होतं. त्यानेही 'घरची जनावरं घरात' असा शब्द दिला होता.

साखळी लावली. त्याला त्याच्या ट्रॅक्टरवर बसवलं, स्टेअरिंग सरळ धर म्हणून सांगितलं. आखूड दांडा खाली ओढला, लो पहिला टाकला आणि क्लच हळूच सोडला. माझा ट्रॅक्टर जागेवर क्षणभर थरथरला आणि मग चालू लागला. चाकं फिरली नाहीत, घसरली नाहीत, माती धरून एक एक वीत पुढे गेली. त्यामागे त्याचा ट्रॅक्टर गाळातून चप्प आवाज करत निघाला आणि त्यामागे ट्रॉली. चढ संपला. डावीकडे त्याच्या गोठ्याची वाट होती. मी उजवीकडे वळलो.

"अबे! तिकडं कुठी? इकडं घे!"

मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. आलं होतं, पण आलं नाही.

उतरून पळणं त्याला शक्य नव्हतं. स्टेअरिंग सोडलं असतं तर ट्रॉली कुंपणात गेली असती. त्याने ब्रेक दाबला. चाकं ओल्या वाटेवर जाम होऊन घसटत आली, पण आली. लो पहिल्याला त्या ब्रेकची काही पर्वा नव्हती. मग त्याने स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं आणि माझ्या पाठीमागे तो जिवाच्या आकांताने ओरडू लागला, "हो! हो! हो!" मी थांबलो नाही. मला कुणी कासरा बांधलेला नव्हता.

आता त्या दिवशी गाव कसं असतं ते बघा. प्रत्येक दारात बैल बांधलेला, बाया तूप-हळदीच्या वाट्या घेऊन बाहेर, माणसं अंगणात. घरात कुणीच नसतं. अशा गावातून मी लो पहिल्यात निघालो. पुढे मी, मग साखळी, मग 'हो हो' करणारा काका, आणि सगळ्यांच्या वर, माणसाच्या डोक्याहून उंच, ट्रॉलीत उभे आमचे दोन बैल. त्या गिअरात रांगतं पोरही ट्रॅक्टरच्या पुढे जाईल. मी मारुतीच्या देवळाला पूर्ण वळसा घातला. पाराजवळ क्लच अर्धा दाबून चाकं थांबवली, इंजिन चालू ठेवलं, आणि माझ्या पुढच्या चाकाला काही लागलं आहे का ते खाली वाकून बराच वेळ पाहिलं. काही लागलं नव्हतं.

पाराजवळच्या घरातली एक म्हातारी हळदीची वाटी घेऊन ट्रॉलीपाशी आली, वर पाहिलं आणि ओरडली, "अव माय! हा त त्यायचा डावा हाय! कान पाह्य ना!" त्यापुढे मला काही करावं लागलं नाही. बातमी माझ्या पुढे पुढे चालत गेली; तिला काय, त्या दिवशी माझ्यापुढे कुणीही चालू शकत होतं. प्रत्येक दारात पोचेपर्यंत तिथले लोक आधीच हसायला लागलेले असत. काकाने शेवटी ओरडणं बंद केलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. एवढं गोड मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही.

आमच्या दारासमोर मी थांबलो. मी कुणाला हाक मारली नव्हती, पण डाव्या बैलाने हंबरडा फोडला आणि वडील बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकाकडेही नाही. ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवून ते बैलाच्या तोंडापाशी उभे राहिले. मग मला म्हणाले, "ओट्याले लाव."

मी ट्रॉली ओट्याला लावून घेतली. त्यांनी दोघांना ओट्यावर उतरवून घेतलं, पाणी दाखवलं, रिकाम्या दावणीच्या त्याच दोन खुंट्यांना बांधलं. आईने तूप-हळद आणली. वडिलांनी खांदे मळले, बराच वेळ मळले, आणि बैलांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काका तोवर साखळी सोडायलाही न थांबता पायी निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी आखरावर त्याला यावंच लागलं. न येता तर गावाने दहा वर्षं हसून त्याला मारलं असतं. तोरण लागलं, वाजंत्री थांबली, आणि तो घसा साफ करून म्हणाला, "दादा, तुमची जागा हाय. या." मी वडिलांच्या शेजारी उभा होतो, मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. वडील कोऱ्या धोतरात जोडी घेऊन उजव्या जागेवर गेले. डावी जागा त्या वर्षी रिकामी राहिली. काका मागे सरकू लागला तसा वडिलांनी त्याला हाक मारली. डाव्या बैलाचा कासरा त्याच्यापुढे धरला.

"धर. तुह्या व्याह्याचे बैल हायत."

लोकांना वाटलं, वडिलांनी मोठ्या मनाने त्याला मानात वाटा दिला. मलाही तसंच वाटलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. केलेल्या सगळ्या मेहनतीची हा भला माणूस एका क्षणात माती करणार! वाजंत्री लागली. वडिलांचा उजवा बैल पुढे निघाला. काकाचा जागचा हलला नाही. काकाने कासरा ओढला, पुठ्ठ्यावर थाप मारली, शेपूट पिळली, दात-ओठ खाऊन "चाल, चाल" केलं. बैलाने चारी पाय रोवले आणि कान पाडून उभा राहिला. काका नाल्यातल्या ट्रॅक्टरसारखा जागच्या जागी फिरत होता. आधी पोरं हसली, मग बाया, मग सगळं आखर.

वडिलांनी एक टचकारा मारायचाच अवकाश होता; बैल त्या आवाजावर चालायचा, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. ते पाठ वळवून तोरणाकडे बघत उभे राहिले. हसणं पार शेवटच्या माणसापर्यंत पोचू दिलं. मिशी हलत होती त्यांची. मग जिभेने एकदा टचकारा मारला आणि पोळा फुटला. माझ्या अंगात हे विष कुठून आलं, असं आई नेहमी विचारायची. त्या दिवशी मला कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल परत द्यायचे होते. ते व्याह्याचे होते, यात कुणाचंच दुमत नव्हतं. मी ट्रॉली जोडायला निघालो तर वडील म्हणाले, "एकदा उभे केले तेवढं पुरे." ते दोघांचे कासरे धरून पायी निघाले. येताना त्यांना चालायला लागू नये म्हणून मी ट्रॅक्टर घेऊन मागे निघालो, लोमध्ये, त्यांच्या चालीने. धनजची वाट पायी अर्ध्या दिवसाची. मी गिअर बदलला नाही. त्यांनी मागे पाहिलं नाही. एकदा बाभळीखाली थांबून बैलांना चरू दिलं, तेव्हा मी क्लच अर्धा दाबून तसाच बसून राहिलो.

व्याही चांगला माणूस होता. त्याने चहा केला, वडिलांना बाजेवर बसवलं. काकाचा विषय कुणी काढला नाही. वडिलांनी बैल स्वतः खुंट्याला बांधले. उजवा लगेच गव्हाणीत तोंड घालून खाऊ लागला. डाव्याने दावं ताणलं आणि मान वळवून वडिलांकडे बघत राहिला. वडिलांनी त्याच्या तुटक्या कानाला हात लावला आणि निघाले.

ते ट्रॅक्टरवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी येऊन माझ्या डाव्या बाजूच्या मडगार्डवर बसले, दोन्ही हातांनी कड घट्ट धरली.

"हाण," म्हणाले.

मी आखूड दांडा वर टाकला आणि एक एक गिअर चढवत सडकेला लागलो. मागून डाव्याचा हंबरडा आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"जोरात हाण ना."

"हाणून राह्यलो, बाबा."

"याच्याहून जोरात नाही जात काय हा?"

मी गिअरचा दांडा आणखी पुढे रेटून पाहिला. तो शेवटच्या गिअरातच होता. काकाचा ट्रॅक्टर असता तर आम्ही एव्हाना वळणापलीकडे गेलो असतो.